साउंड कार्ड काढलं आणि पीसीला बाकीचं दिसेना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साउंड कार्ड काढायला एक स्क्रू आणि पाच मिनिटं पुरतात. त्यानंतर नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या दुकानात तो पीसी येतो तेव्हा तक्रारी मात्र भलत्याच असतात. डिस्प्ले गेला, हार्ड डिस्क दिसत नाही, नेट बंद, आवाज तर नाहीच. कोणाचं कार्ड जळालेलं असतं, कोणाला नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर मिळत नाही, कोणी यूएसबीवरचा ऑडिओ इंटरफेस घेतलेला असतो. कारण काहीही असो, प्रश्न तेच तेच येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले.

माझं म्हणणं एवढंच की विंडोजच्या नावानं बोटं मोडण्याआधी कॅबिनेटचं झाकण उघडा. कार्ड काढताना हात कुठे कुठे लागला आणि त्या कार्डाला काय काय जोडलेलं होतं, या दोन गोष्टी आठवल्या की बहुतेक वेळा दुखणं सापडतं. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली जोडलेल्या हार्डवेअरची यादी, नंतर.

शटडाऊन करूनच कार्ड काढलं होतं. तरी असं कसं झालं?

शटडाऊन म्हणजे पूर्ण बंद, असं आता राहिलेलं नाही. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्यात शटडाऊन केलं की विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलून उठतं. मधल्या वेळात घरातला एक मेंबर कमी झालाय, हे त्याच्या गावीही नसतं. म्हणून कार्ड काढून पीसी सुरू झाला की लगेच एकदा 'रीस्टार्ट' करा. रीस्टार्टमध्ये विंडोज सगळं नव्यानं तपासतं, साध्या शटडाऊनमध्ये नाही. ऐकायला उलटं वाटतं, पण आहे तसंच. किंवा शिफ्टचं बटण दाबून धरून शटडाऊन करा, मग ते खरोखर बंद होतं.

दुसरी गोष्ट विजेची. वायर भिंतीत आहे आणि बटण चालू आहे तोवर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बोर्डाला, म्हणजे मदरबोर्डाला, ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देतच राहतो. बऱ्याच बोर्डांवर एक छोटा दिवा त्यामुळेच जळत असतो. तो जळत असताना कार्ड उपटायचं नसतं. प्लग काढायचा, पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरायचं, दिवा विझला की मग हात घालायचा. तुमचं काढून झालंच असेल तर आता तरी हे करा: प्लग काढा, बटण दाबून धरा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा लावा. अडून बसलेला बोर्ड कैकदा एवढ्यावर सुटतो.

पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटर काळाच. बोर्ड गेला का?

बोर्ड इतक्या सहज जात नाही. आधी ग्राफिक्स कार्ड बघा. साउंड कार्ड बहुतेक वेळा त्याच्या खालच्याच स्लॉटात असतं. खालचं ओढताना हाताची पाठ वरच्या कार्डाला लागते. ते असतं जड, आणि एका बाजूनं हलकंसं उचललं जातं. वरून बघितलं तर छान बसलेलं दिसतं. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून स्लॉटच्या रेषेत डोळा लावा. सोनेरी पिनांची पट्टी एका टोकाला जास्त दिसत असेल, तर कार्ड सुटलंय. ते पूर्ण काढा आणि पुन्हा सरळ खाली दाबा. स्लॉटच्या टोकाची क्लिप 'टक्' वाजली पाहिजे. टक् नाही तर बसलं नाही. कार्डाला एसएमपीएसमधून सहा किंवा आठ पिनांची वेगळी वायर येत असेल तर तीही दाबून बघा.

ग्राफिक्स कार्ड ठीक असेल तर रॅम. एकेक काढून परत बसवा, दोन असतील तर आधी एकच लावून सुरू करून बघा.

आणि मॉनिटरची केबल पुन्हा जोडताना ती बोर्डाच्या पोर्टात तर गेली नाही ना? ग्राफिक्स कार्ड असलेल्या पीसीत केबल कार्डालाच हवी. हसू नका, यासाठी लोक रिक्षा करून पीसी घेऊन आलेत.

इंदिरानगरचे एक काका ग्राफिक्स कार्ड उडालं असं ठरवूनच आले होते, नव्याचे भावही काढून ठेवले होते. मी पीसी उचलून कलता केला तर आत खुळखुळ. साउंड कार्डाचा स्क्रू निसटून बोर्डाच्या मागे गेला होता आणि बोर्ड नि कॅबिनेटचा पत्रा यांच्यामध्ये जाऊन बसला होता. स्क्रू काढला, डिस्प्ले आला. पत्र्याशी शॉर्ट झालं की एसएमपीएस स्वतःला बंद करतो किंवा बोर्ड सुरूच होत नाही. काकांचं नशीब की काही जळलं नाही. तेव्हा काढलेले स्क्रू मोजा. हाताशी एकच असेल आणि निघाले होते दोन, तर पीसी चालू करू नका.

बोर्डाला छोटा बझर लावलेला असेल तर तो काय वाजतो ते ऐका. एक लांब आणि मागोमाग दोन-तीन आखूड बीप म्हणजे बऱ्याच बोर्डांवर ग्राफिक्सची तक्रार. नक्की अर्थ बोर्डाच्या पुस्तिकेत मिळेल, कारण प्रत्येक बायोसची (विंडोजच्या आधी उठणाऱ्या, बोर्डातल्या प्रोग्रॅमची) भाषा थोडी वेगळी. बझर नसेल तर घेऊन ठेवा, दोन कटिंगच्या पैशांत येतो.

हार्ड डिस्क किंवा एसएसडी दिसत नाही. 'बूट डिव्हाइस' मिळत नाही असं येतं.

साटाची केबल, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणारी. कार्डाच्या मागून गेलेली असते, कोपर लागतं, अर्धी सुटते. क्लिप नसलेल्या जुन्या केबली तर नुसत्या बघितल्या तरी सुटतात. दोन्ही टोकं दाबा, पॉवरचं टोकही. मग बायोसमध्ये जाऊन डिस्क यादीत आहे का बघा. यादीत आहे आणि तरी बूट होत नाही, तर बूटचा क्रम बदललाय. विंडोजची डिस्क पहिली करा. यादीतच नसेल तर दुसऱ्या केबलनं, दुसऱ्या पोर्टात लावून बघा.

साउंड कार्ड काढून तुम्ही त्याच बैठकीत नवी एम-डॉट-टू (थेट बोर्डावर बसणारी) एसएसडी लावली असेल तर मात्र वेगळा किस्सा. अनेक बोर्डांवर एम-डॉट-टूचा स्लॉट आणि एखाद-दोन साटा पोर्ट एकाच वाटेवर असतात. एक भरला की दुसरा बंद. जुनी हार्ड डिस्क मेली नाही, तिची वाट नव्या एसएसडीनं घेतली. तिला दुसऱ्या साटा पोर्टात हलवा. कोणता पोर्ट कोणासोबत जातो याचं कोष्टक पुस्तिकेत असतं, आणि तेच पान कोणी वाचत नाही.

साउंड कार्ड काढल्यापासून हँडीकॅम ओळखला जात नाही. दोघांचा काय संबंध?

संबंध आहे, आणि हा माझा आवडता प्रश्न.

लग्नाचं शूटिंग मिनी डीव्ही कॅसेटवर व्हायचं तो काळ आठवा. कॅसेट पीसीवर घ्यायला फायरवायर पोर्ट लागायचा आणि साध्या बोर्डांवर तो नसायचा. २००१ साली क्रिएटिव्हनं साउंड ब्लास्टर ऑडिजी आणलं, त्यावर फायरवायरचा पोर्ट होता. आमच्याकडच्या काही व्हिडिओवाल्यांनी तेव्हा आवाजासाठी म्हणून घेतलेलं कार्ड पुढं कॅसेट उतरवायलाही वापरलं. आता कार्ड काढलं की फायरवायर पोर्टही त्याच्याबरोबर गेला. यात ड्रायव्हर शोधून उपयोग नाही, पोर्टच उरलेला नाही. कॅसेटी उतरवायच्या असतील तर वेगळं फायरवायर कार्ड लावा किंवा ऑडिजी परत जागेवर ठेवा.

त्याहून जुनी गंमत सीडी ड्राइव्हची. १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ च्या काही मॉडेलांवर सीडी ड्राइव्ह जोडायचा कनेक्टर असायचा. मल्टिमीडिया किट घेतलं की ड्राइव्हची चपटी केबल बोर्डाला नाही, थेट साउंड कार्डाला. अशा पीसीतून कार्ड काढलं की सीडी ड्राइव्ह दिसेनासा होणारच. जॉयस्टिकचा पंधरा पिनांचा गेम पोर्टही त्या काळी साउंड कार्डावरच असायचा.

थोडक्यात, काढलेलं कार्ड हातात घ्या आणि त्याच्यावर किती प्रकारची तोंडं आहेत ती मोजा. आवाजाच्या गोल जॅकांशिवाय जे काही दिसेल, तेवढ्याची सोय आता तुम्हाला दुसरीकडे करायची आहे.

बोर्डाचा स्वतःचा आवाज डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतच नाही.

कारण कोणीतरी कधीतरी तो बंद केला होता. साउंड कार्ड लावताना दोन आवाजांची भांडणं नकोत म्हणून बायोसमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ 'डिसेबल' करायची पद्धत होती. ज्यानं केलं तो विसरला, तुम्हाला तर माहीतच नव्हतं. बायोसमध्ये जा (सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबत राहा) आणि ऑनबोर्ड ऑडिओ किंवा एचडी ऑडिओ कंट्रोलर असं काही शोधा. जुन्या बोर्डांवर तिथे 'अझालिया' असं नाव दिसेल. ते दुसरं काही नाही, इंटेलनं २००४ साली आणलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओचं आतल्या गोटातलं नाव. ते 'एनेबल' करा, सेव्ह करून बाहेर या. विंडोज स्वतःच 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' नावाचा साधा ड्रायव्हर लावेल. आवाज येईल. पुढचे जॅक, माइकचं बूस्ट वगैरे नीट हवं असेल तर बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' देणारी सॉफ्टवेअर टाळा. ती काढायला लोक पुन्हा आमच्याकडेच येतात.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं ठीक आहे, तरी आवाज नाही.

स्पीकरची पिन कुठे आहे? काढलेल्या कार्डाच्या जागी आता भोक आहे, आणि पिन बोर्डाच्या मागच्या हिरव्या जॅकमध्ये असायला हवी. निळा लाइन-इन, गुलाबी माइक.

पिन बरोबर असेल तर टास्कबारवरच्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करून आउटपुट कोणतं निवडलंय ते बघा. साउंड कार्ड गेलं की विंडोज स्वतःच्या मनानं दुसरा वारस नेमतं, आणि तो बऱ्याचदा एचडीएमआयमधून मॉनिटर असतो. बऱ्याच मॉनिटरना स्पीकर नसतो, म्हणजे आवाज निघतोय पण तोंड नसलेल्याकडे. बोर्डाचा स्पीकर डिफॉल्ट करा. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे वेगळं करावं लागतं, कारण तिथे जुन्या कार्डाचंच नाव साठवलेलं असतं. पंचवटीत भजनं रेकॉर्ड करणारा एक मुलगा दोन दिवस विंडोजच्या सेटिंगमध्ये हरवला होता, आणि सॉफ्टवेअर बिचारं अजून काढलेल्या कार्डाचीच वाट बघत होतं.

मागून आवाज येतो, पुढच्या हेडफोनच्या जॅकमधून नाही.

कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची वायर साउंड कार्डाला लावलेली होती, ती आता आत लोंबकळत असेल. तिच्या टोकाला 'एचडी ऑडिओ' लिहिलेलं असतं. ती बोर्डाच्या खालच्या कडेला, सहसा डाव्या कोपऱ्यात असलेल्या पिनांवर बसवायची. एक इशारा: यूएसबीच्या पुढच्या पोर्टाच्या पिना दिसायला अगदी तशाच, दोन ओळींत नऊ. फरक फक्त कुठली पिन गाळलेली आहे एवढाच. ऑडिओत आठवी नसते, यूएसबीत नववी. वायर आपणहून बसत नसेल तर जोर लावू नका, जागा चुकलीय. दाबून बसवलेली मी बघितलीय, आणि वाकलेली पिन सरळ करताना ती तुटतानाही बघितलीय. ती एक पिन गेली की तिच्यावरचा पुढचा यूएसबी पोर्टही गेला.

पुढचे यूएसबी पोर्ट बंद पडले असतील तरी इथेच बघा. यूएसबी ३ ची जाड निळी केबल एकोणीस पिनांवर बसते. कडक असते, जराशा धक्क्यानं तिरकी होते.

कार्ड हातात आहे, तरी पीसी म्हणतो ते आहेच.

डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'व्ह्यू' मेनूतून लपलेली डिव्हाइसं दाखवायला सांगा. फिकट, करड्या रंगात जी नावं येतील ती विंडोजच्या आठवणीतली, प्रत्यक्षात नसलेली. त्यावर दुहेरी क्लिक केलं तर कोड ४५ दिसेल, म्हणजे 'हे हार्डवेअर सध्या जोडलेलं नाही'. तुमच्या जुन्या कार्डाच्या नावावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा, ड्रायव्हर पुसायची चौकट दिसली तर तीही टिक करा. मग 'ॲक्शन'मधून हार्डवेअरचे बदल पुन्हा तपासायला सांगा. कार्डासोबत आलेलं कंट्रोल पॅनेल, इक्वलायझर वगैरे सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून काढा. ते राहिलं की दर वेळी सुरू होताना 'डिव्हाइस सापडलं नाही' अशी पाटी येते, आणि लोक समजतात बोर्ड बिघडला.

करड्या यादीत खूप काही दिसेल, जुने पेनड्राइव्ह, विकलेले प्रिंटर. त्यांना हात लावायची गरज नाही. त्यांच्यामुळे काही अडत नाही.

पिवळं चिन्ह असलेलं 'अननोन डिव्हाइस' आलंय. ते कोण आहे कसं कळणार?

राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'डिटेल्स', आणि खाली 'हार्डवेअर आयडी' निवडा. लांबलचक अक्षरांमध्ये 'व्हेन' या तीन अक्षरांनंतरचा चार आकडी क्रमांक बघा, तो बनवणाऱ्या कंपनीचा. ८०८६ म्हणजे इंटेल. आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच नंबर त्यांनी घेतला. १००२ म्हणजे एएमडीची ग्राफिक्स, ११०२ म्हणजे क्रिएटिव्ह. ११०२ दिसला आणि कार्ड टेबलावर आहे, तर ते वरच्या प्रश्नातलं भूत. ८०८६ असेल तर बोर्डाचा चिपसेट ड्रायव्हर टाका.

चिन्हासोबतचा कोडही बघा. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण डिव्हाइस उठत नाही. १२ म्हणजे त्याला लागणारी साधनं दुसऱ्या कोणीतरी अडवलीत, हे जुन्या पीसीत जास्त.

आवाज नीट झाला, पण लॅन बंद पडलं. आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकायला गेलो तर म्हणतो तो दुसऱ्या कार्डाला दिलाय!

वाड्यातल्या खोल्यांना ओळीनं नंबर दिलेत आणि मधली एक खोली पाडली, असं समजा. पुढच्या खोल्यांचे नंबर एकेकानं मागं सरकतात. पीसीआय एक्सप्रेसचे (कार्डांच्या आताच्या स्लॉटांचे) मार्ग बूट होताना असेच मोजले जातात. साउंड कार्ड गेलं की त्याच्या पुढच्या लॅन चिपचा नंबर बदलू शकतो, आणि विंडोजला वाटतं नवीन भाडेकरू आला. म्हणून 'इथरनेट'चं 'इथरनेट २' होतं आणि ऑफिसमध्ये हातानं टाकलेला आयपी जुन्या नावावर अडकून राहतो. लपलेल्या डिव्हाइसांच्या यादीत नेटवर्क ॲडॉप्टरमधलं करडं जुनं नाव अनइन्स्टॉल करा, मग आयपी नव्याला द्या.

लिनक्सवर हाच प्रकार उघड दिसतो. लॅनचं नावच त्या नंबरावरून पडलेलं असतं, त्यामुळे नाव बदललं की नेटवर्कची जुनी सेटिंग कोणालाच लागू होत नाही. नवं नाव बघून सेटिंग फाइल दुरुस्त करा. आवाजाचंही तसंच: कार्ड १ वर आवाज पाठवा असं लिहून ठेवलं असेल आणि आता कार्ड ० च उरलं असेल, तर फाइलमधला आकडा बदला.

यूट्यूबवर बघितलं, बायोसचा सेल काढून लावला की सगळं ठीक होतं. करू का?

करा, पण शेवटी. आणि करण्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. पुढं काय होतं ते सांगतो.

सेल काढला की बायोस कारखान्यातून निघाल्यासारखा होतो. साटाचा मोड तुमचा एक असेल आणि मूळचा दुसरा, तर विंडोज निळ्या पडद्यावर जाऊन बूट डिव्हाइस मिळत नाही म्हणून रडतं. जुन्या पद्धतीनं टाकलेलं विंडोज असेल तर लेगसी बूट बंद झाल्यावर डिस्क दिसूनही बूट होत नाही. रॅमचा वेग कमी होतो. घड्याळ मागं जातं, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित म्हणतो. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि कोणतं खातं हे ज्यानं पीसी घेऊन दिला त्या भाच्याला माहीत असतं. ती आधी शोधून लिहून ठेवा, मगच सेलला हात लावा.

डीडीआर ५ रॅमचे नवे पीसी सेल काढल्यावर पहिल्यांदा सुरू होताना मिनिट-दोन मिनिटं, कधी जास्तही, काळे राहतात. रॅमशी जुळवून घेत असतात. घाबरून बटण दाबू नका, दाबलं की पहिल्यापासून सुरुवात.

सेल तीन व्होल्टचा, सीआर २०३२. पाच-सात वर्षांचा असेल तर तोच लावू नका, नवा टाका.

आमच्या वर्कशॉपमधला मशीनचा जुना पीसी आहे. त्यातलं साउंड कार्ड काढल्यापासून मशीन बोलत नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून हा फोन वर्षातून दोन-तीनदा येतो. गोष्ट साधारण अशी असते: नवा आलेला इंजिनिअर म्हणतो मशीनच्या पीसीला गाणी कशाला, आणि कार्ड काढून टाकतो. मशीन थांबतं, आणि फोनवर मालकांचा आवाज चढतो.

आयएसए या जुन्या स्लॉटांच्या काळात प्रत्येक कार्डाला ठरावीक नंबर असायचा. साउंड ब्लास्टर बहुधा इंटरप्ट ५ (प्रोसेसरला हाक मारायचा नंबर), पोर्ट २२०, डीएमए १ (थेट मेमरीशी बोलायची वाट) वर बसायचं. ते काढल्यावर बायोस उरलेली वाटणी नव्यानं करू शकतो, आणि मशीनचं कार्ड दुसऱ्या इंटरप्टवर गेलं की जुनं सॉफ्टवेअर त्याला जुन्याच जागी शोधत बसतं. बायोसमध्ये पीएनपी आणि पीसीआयच्या पानावर 'रीसेट कॉन्फिगरेशन डेटा' असतं, ते एकदा चालू करून सेव्ह करा. तिथेच कुठला इंटरप्ट जुन्या आयएसएसाठी राखून ठेवलाय तेही बघा. साउंड कार्डासाठी ५ राखीव ठेवलेला असतो आणि ते गेल्यावरही कोणी मोकळा करत नाही.

सिरियल केबलवर चालणाऱ्या मशीनचं दुखणं वेगळं. यूएसबीवरून सिरियल करणारी वायर काढून दुसऱ्या पोर्टात लावली की विंडोज तिला कॉम ३ (सिरियल पोर्टचा नंबर) ऐवजी कॉम ४ किंवा ७ करतं, आणि प्रोग्रॅम तिसऱ्यावरच हाका मारत राहतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या 'ॲडव्हान्स्ड' सेटिंगमधून नंबर परत ३ करा. 'वापरात आहे' असं दाखवलं तरी, तो करड्या भुताचाच असेल तर बिनधास्त घ्या.

आणि खरं सांगायचं तर या पीसीत उपाय न सापडल्यास साउंड कार्ड परत त्याच स्लॉटात लावून टाका. तासाभराचं उत्पादन त्या कार्डापेक्षा महाग.

नाशिकच्या हवेचा यात काही हात आहे का?

थोडा आहे. निफाडच्या बाजूची थंडी शहरात शिरते तेव्हा हवा कोरडी असते आणि स्वेटर काढताना चटचट ठिणग्या ऐकू येतात. तीच ठिणगी रॅमला दिली तर रॅम काहीच न बोलता जाते. डिसेंबर-जानेवारीत काम करताना स्वेटर काढून ठेवा, आधी आणि अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. कार्पेटवर बसून करू नका, टेबल बरा.

पावसाळ्यात उलटं. बरीच वर्षं न हललेल्या कार्डाच्या आणि रॅमच्या पिनांवर थर बसलेला असतो. हलवलं नव्हतं तोवर जिथे टेकलं होतं तिथे चालत होतं, हललं की बंद. म्हणूनच 'फक्त साउंड कार्डच काढलं' तरी रॅम दिसेनाशी होते. आपला घरचा उपाय खोडरबरचा. पांढरा, मऊ घ्या, हलक्या हातानं एकाच दिशेला दोनदा फिरवा. शाईचा खरखरीत खोडरबर नको, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. चुरा ब्रशनं झाडा, स्लॉटात पडू देऊ नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर ते जास्त चांगलं.

कार्ड गेल्यावर मागं जी उभी फट राहते तिला पत्र्याची पट्टी लावा. नुसत्या धुळीसाठी नाही. नाशिकच्याच द्वारकेजवळच्या एका गोदामातल्या पीसीत त्याच फटीतून पाल आत गेली होती. पुढचं वर्णन जेवणाच्या वेळी वाचत असाल तर नको.

त्याच स्लॉटात दुसरं कार्ड लावलं, तेही दिसत नाही.

स्लॉट कोणता आहे? जुना लांब पांढरा पीसीआय आणि आखूड पीसीआय एक्सप्रेस यांचं जुळत नाही, पण तिथे कार्ड बसतच नाही, त्यामुळे कळतं. बसलंय आणि दिसत नाही, तर स्लॉटात टॉर्च मारा, आत कचरा किंवा दबलेली पिन आहे का बघा. मग दुसऱ्या स्लॉटात लावून बघा. दुसऱ्यात दिसलं तर पहिला बायोसमध्ये बंद असेल किंवा एम-डॉट-टूशी वाट शेअर करत असेल. कुठल्याच स्लॉटात दिसलं नाही तर कार्ड दुसऱ्या पीसीत तपासा.

विंडोजच नव्यानं टाकू का?

नको. बायोसमध्ये जी डिस्क दिसत नाही ती नवं विंडोजही दाखवू शकत नाही. बायोसमध्ये दिसतं पण विंडोजमध्ये नाही, एवढं नक्की झाल्यावर आणि वरचं सगळं करून थकल्यावरच तो विचार करा, तोही बॅकअप घेऊन.

दुकानात आणताना काय काय आणू?

पीसी, काढलेलं कार्ड आणि काढलेले सगळे स्क्रू. मॉनिटर-कीबोर्ड नको, ते आमच्याकडे असतात. आणि काय काय केलं ते खरं सांगा, सेल काढला असेल, खोडरबर मारला असेल, मेहुण्यानं हात लावला असेल, सगळं. 'काहीच केलं नाही, आपोआप झालं' म्हटलं की आम्हाला पहिल्यापासून शोधावं लागतं आणि वेळेचे पैसे तुमचेच जातात.

जुनं कार्ड घंटागाडीत टाकू का?

ओल्या-सुक्या कचऱ्यात नको. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याकडे द्या. पण चालू कार्ड असेल तर घाई करू नका. ऑडिजीसारखं काही असेल तर कॅसेटी उतरवणारा कोणीतरी ते शोधत असतो. रॅम ज्या करड्या चकचकीत पिशवीत येते तशा पिशवीत ठेवा. वर्तमानपत्रात चालेल, साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. आणि वर कागदावर लिहून ठेवा, कोणत्या पीसीतून काढलं आणि त्याला कोणती वायर जोडलेली होती.